जबानी आणि जबडा

धनुर्वात होऊन उठलेला माणूस सोलापुरात रोज दिसत नाही, म्हणून मला पाहायला लोक येतात. आले की आधी माझ्या जबड्याकडे बघतात, मग म्हणतात, "बोला की काहीतरी." मी बोलतो. बोलताना डावा गाल अजून ओढला जातो. तेवढे पाहून त्यांचे समाधान होते आणि ते चहाला बसतात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "प्रत्येकाला सांगून जबडा दुखवून घेण्यापेक्षा एकदा लिहून काढा. ज्यांच्या घरात हे दुखणे शिरेल त्यांना उपयोगी पडेल."

तेव्हा उपयोगाचे आधी सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. रस्त्यावर पडून जखम झाली, मग ती बोराएवढी का असेना, आणि तिच्यात माती-शेण गेले, तर त्याच दिवशी इस्पितळात जाऊन लस टोचून घ्यावी. मी घेतली नाही. डॉक्टर सुई घेऊन आले तेव्हा मला त्या सुईचा संशय आला. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात असे कुठेतरी वाचले होते. एवढ्याशा खरचटण्याला घोड्याचे रक्त कशाला, यांना माझ्यावर प्रयोग तर करायचा नाही ना, असे मनात आले. "नको," म्हणून मी हात मागे घेतला. त्या एका 'नको'पायी पुढचे सगळे झाले.

संशय हा माझा स्वभाव. दूधवाला माप भरताना मी मापाकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघतो. परटाकडून धोतर आले की उजेडात धरून ते आपलेच आहे ना, याची खात्री करतो. माझी पत्नी यमुना म्हणते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी तिच्याकडे असेच बघितले होते. पण माझा धंदाही तसाच. मी कोर्टात नक्कलनवीस आहे. लोकांच्या जबान्या, निकाल, अर्ज यांच्या अक्षरास अक्षर नकला करून द्यायच्या, हे माझे काम. बावीस वर्षांत माझ्या नकलेत काना-मात्रेचा फरक कोणाला सापडला नव्हता. वरिष्ठ माझी नक्कल न वाचताच सही करीत. हे बढाईसाठी सांगत नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हॉर्न

मी मूळचा जेऊरचा. सोलापुरात नोकरीला आलो तेव्हा रस्त्यात टांगे आणि बैलगाड्याच असत. मग सर्व्हिस मोटारी निघाल्या. मी सायकल घेतली ती त्याच सुमारास. मोडनिंब-टेंभुर्णीकडे जाणारी एक मोटार सकाळी मालकाच्या वाड्यातून रिकामीच अड्ड्यावर जायला निघे, आणि नेमकी तीच माझी कचेरीची वेळ. तळ्याकाठच्या रस्त्यावर आमची रोज गाठ पडे. पुढे मी, मागे ती.

ड्रायव्हरचे नाव नरसय्या. विणकराच्या घरातला, वयाने तिशीच्या आतबाहेर. घरचा माग सोडून त्याने मोटार शिकून घेतली होती. रबरी फुग्याचा हॉर्न दाबत तो माझ्या पाठीला येऊन भिडे आणि ओरडे, "बाजू! ओ कारकूनसाहेब, बाजू घ्या की!"

मी बाजू घेत नसे. का घ्यावी? रस्त्याच्या कडेला खडी, शेण आणि मोडक्या बांगड्या. मोटारीचे टायर जाड, माझे पातळ. एकदा मी उतरून सायकल आडवी लावली आणि त्याला सरळ विचारले, "रस्ता काय तुझ्या मालकाने बांधलाय?"

तो म्हणाला, "न्हाय जी. पर तुमी बी बांधल्याला न्हाय."

एका पावसाळी सकाळी त्याने डबक्यातून मोटार नेली आणि माझ्या धोतराला कमरेपर्यंत चिखल लावला. मुद्दाम, अशी माझी पक्की समजूत. मी त्याच्या मालकाला अर्ज लिहिला, कलमे घालून लिहिला. त्यानंतर हॉर्न जास्तच वाजू लागला, असे मला वाटे. यमुना म्हणे, "अहो, जाऊ द्या ना त्याला पुढे. त्याला जायची घाई, तुम्हाला कुठे आहे?" हे ऐकून मला तिचाही राग येई.

जबानी

त्या सकाळी काय झाले ते मी फौजदारांना सांगितले तसेच इथे लिहितो.

मी माझ्या रीतीने चाललो होतो. मागून मोटार आली. नरसय्याचा आवाज आला. रोज तो 'बाजू' म्हणतो, त्या दिवशी म्हणाला नाही. तो ओरडला, "आता पक्का! पक्का!" आणि पाठोपाठ मोटारीचा धक्का बसला. मी सायकलवरून उडून कडेच्या शेणामातीत पडलो. मोटार पुढे जाऊन लिंबाच्या झाडाला धडकली.

इस्पितळात पायाला पट्टी बांधत असतानाच फौजदार आले. नडगीवर बोटभर जखम, बाकी खरचटलेले. लस नको म्हणालो ती हीच वेळ. फौजदारांनी विचारले, "पक्का म्हणजे?"

मी म्हणालो, "म्हणजे आता तू पक्का सापडलास. दुसरा काय अर्थ होणार? वर्षभराचा दावा आहे त्याचा."

"हॉर्न वाजवला होता का त्याने?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

नरसय्याची जबानी वेगळी होती. मोटारीच्या ब्रेकचा गज तुटला, मोटार आवरेना, म्हणून मी 'बाजू बाजू' ओरडलो, असे तो सांगत होता. गज तुटलेला होता हे खरे, पण तो आधी तुटला की झाडावर आदळून तुटला, हे कोण सांगणार? रस्त्यात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. राहता राहिला तो शब्द. तो म्हणे 'बाजू', मी म्हणे 'पक्का'. एकीकडे मोटारवाला, दुसरीकडे बावीस वर्षांचा नक्कलनवीस. फौजदार कागद मिटताना म्हणाले, "शब्दाच्या बाबतीत तुमच्यावर कोण अविश्वास दाखवणार?" नरसय्याला मुद्दाम मोटार घातल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि दोन दिवसांनी जामिनावर सोडले. अटकेचे ऐकून मला जेवण गोड लागले, हे कबूल करतो.

तोंड उघडा

आठव्या दिवशी सकाळी भाकरीचा घास तोंडात जाईना. दाढ धरली असेल म्हणून मी लवंग लावली. दुपारी मान आखडली. यमुना म्हणाली, "उशी बदलली ना काल, म्हणून असेल." मला उशीचा संशय आला. संध्याकाळपर्यंत दोन दातांत एक बोट मावेना. तिने आरसा पुढे धरला. माझा चेहरा हसत होता. मी हसत नव्हतो, पण ओठांचे कोपरे मागे ओढले गेले होते आणि भुवया वर चढल्या होत्या. तो आरसा ती पालथा करून कुठे ठेवते आहे, हे मी डोळे फिरवून पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी टांग्यात घालून इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा."

मी म्हणालो, "उघडलंय." पण ते दातांतून आले.

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, ते फळीसारखे घट्ट लागले असावे. मग यमुनेला घेऊन बाहेर गेले. दार लोटलेले होते. ते दोघे काय कुजबुजत आहेत हे ऐकायला मी कान टवकारले, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी हातून तांब्या पडला. त्या आवाजासरशी माझी पाठ कमानीसारखी उचलली गेली. डोके आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकलेल्या, मधले अंग अधांतरी. किती वेळ, कोण जाणे. शुद्ध जात नाही, हीच या दुखण्याची सर्वांत वाईट गोष्ट. सगळे कळत असते.

यमुना आत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. रडून झाले होते. "धनुर्वात म्हणतात," ती म्हणाली. "पण बरे होतात लोक." ती खोटे बोलते आहे हे मला कळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाचे खोटे पकडल्याचा आनंद झाला नाही.

अंधारी खोली

धनुर्वाताच्या रोग्याला अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवतात. खिडकीला घोंगडी, कानांत कापसाचे बोळे. उजेड पडला, कोणी खाटेला धक्का दिला, आवाज झाला, की आचका येतो. लस आता टोचलीच, रोज टोचली, आणि झोपेचे औषधही दिले. घोड्याचे रक्त चालेल की नाही हे विचारायला मला तोंड राहिले नव्हते.

दूध पाजायचे कसे, हा प्रश्न होता. माझी खालची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढली होती. ती काढणाऱ्याला मी तेव्हा फार बोललो होतो, चांगला दात काढला म्हणून. आता त्याच फटीतून यमुना बोंडल्याने थेंब थेंब दूध सोडी. एक वाटी दुधाला तासभर लागे. असल्या लहान लहान गोष्टींवर माणूस जगतो. ज्यांच्या घरी हा रोगी असेल त्यांनी धीर सोडू नये, आणि घाई तर मुळीच करू नये.

लघवी-शौचाचे सगळे दुसऱ्याच्या हाती होते. त्याबद्दल इतकेच लिहितो की तीन दिवस लाज वाटली, चौथ्या दिवशी वाटेनाशी झाली.

पण खोली रस्त्याच्या अंगाला होती. गिरण्यांचा भोंगा ठरल्या वेळी होई, त्याला तोंड द्यायची मनाची तयारी करता येई. मोटारीच्या हॉर्नचे तसे नव्हते. तो केव्हाही येई. कापसातूनही तो घुसे आणि मला खाटेवरून उचली. आचका ओसरला की घामाने भिजून मी विचार करीत पडे. इतक्या मोटारी याच रस्त्याने का जातात? नेमक्या माझ्याच खिडकीखाली हॉर्न का दाबतात? हे ड्रायव्हर लोक एकमेकांना धरून असतात. जामिनावर सुटलेल्याने सगळ्यांना सांगून ठेवले असणार. मोटारीने मेला नाही, आता हॉर्नने मारा. मला यात तिळमात्र शंका नव्हती. यमुनेने पाटी आणून दिली होती, तिच्यावर मी वाकड्या अक्षरांत लिहिले, 'तोच वाजवतो.'

तिने वाचले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. ताप पाहत होती.

मग एके दिवशी हॉर्न बंद झाले.

सकाळ गेली, दुपार गेली. टांग्याच्या घंटा नाहीत, सायकलीच्या नाहीत. चाके वाजत, बैलांचे खूर वाजत, पण हॉर्न नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. एखाद्या शहाण्या माणसाने देवाचे आभार मानले असते. मी मात्र नवीन काळजीत पडलो. आधी वाटले, मला बहिरेपण आले. मग वाटले, मी मेलो असून मला कोणी सांगितलेले नाही. मग वाटले, हे ड्रायव्हर कुठेतरी दबा धरून बसले आहेत, आणि अगदी बेसावध असताना सगळे एकदम वाजवतील. वाट पाहून पाहून मला थकवा आला, आणि त्या थकव्यात तीन दिवसांनी पहिल्यांदा झोप लागली.

पक्ककु

माझ्या खोलीत व्यंकम्मा नावाची आया होती. पन्नाशीची, अंगाने भरदार, नवरा मागावर. दिवसातून दोनदा ती दुसऱ्या एका आयेला हाताशी घेऊन मला कुशीवर वळवी, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम फार जपून करावे लागे. एक जण खांदे धरी, एक कंबर, आणि दोघींनी एकाच वेळी, हळू. नेहमीची सोबतीण मराठी होती. त्या दिवशी ती आली नाही म्हणून व्यंकम्माने आपल्यातलीच एक आणली.

मला दोन्हीकडून धरले. व्यंकम्मा तिला हलक्या आवाजात म्हणाली, "पक्ककु तिप्पु. मेल्लगा. पक्ककु, पक्ककु..."

माझ्या अंगात आचका आला तो हात लागल्यामुळे नाही. तो शब्द मी ओळखला. आवाज दुसरा, ओरडणे नाही, पण शब्द तोच. कानाला 'पक्का' लागावा असा, आणि शेवटी काहीतरी बारीक चिकटलेले. ते बारीक अक्षर त्या सकाळीही होते. मी ते सोडून दिले होते.

अंग सैल पडल्यावर मी पाटी मागितली. लिहिले, 'पक्का?' व्यंकम्माला वाचता येत नव्हते. यमुनेने वाचून तिला विचारले, "तुम्ही आत्ता पक्का म्हणालात का?"

"पक्का न्हाय ओ, पक्ककु," व्यंकम्मा म्हणाली. "आमच्या तेलुगूत पक्क म्हंजे कूस. बाजू म्हना की. पक्ककु म्हंजे बाजूला. बाजूला हो, सरक, असं."

यमुना माझ्याकडे बघत राहिली. जबानीतला शब्द तिला पाठ होता. वकिलाच्या कारकुनापासून शेजारणींपर्यंत मी तो सगळ्यांना ऐकवला होता.

तिने विचारले, "नरसय्याही तेलुगूच, पण त्याला मराठी येतं की. रोज 'बाजू' म्हणायचा. आणि जबानीतही 'बाजू'च म्हटलं, असं सांगितलं त्यानं."

"आता बाई, मोटार आवरंना झाल्यावर मराठी कुटनं सुचंल?" व्यंकम्मा माझ्या अंगावर पांघरूण घालत म्हणाली. "जीव घाबरला की आईचंच तोंडात येतंय. काय वरडलो ते त्याचं त्याला तरी कळलं आसंल व्हय?"

पुसलेली पाटी

ज्याला धनुर्वात झालेला नाही त्याला सांगूनही कळणार नाही, की बोलण्यासारखे पहिल्यांदाच काही असावे आणि तोंड मिटलेले असावे म्हणजे काय.

पडल्या पडल्या मी माझी जबानी मनात नकलून काढली, अक्षरास अक्षर. 'आता पक्का! पक्का!' त्यातला 'आता' कुठून आला? तो नरसय्याने म्हटला नव्हता. तो मी घातला होता. वाक्य पुरे व्हावे म्हणून घातला होता. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या जबानीत एक अनुस्वार वाढवला नाही, आणि स्वतःच्या जबानीत अख्खा शब्द घुसडला.

आणि 'आठवत नाही.' हे दोन शब्द मी हजारदा नकलून काढले आहेत. साक्षीदार ते केव्हा म्हणतो, हे मला चांगले ठाऊक. मला आठवत होते. हॉर्न वाजला होता. दुरून वाजला होता, एकदा नाही, तीनदा. आणि तो ऐकून मी हँडल वळवले होते, कडेला नाही, मध्ये. बघू तरी कसा पुढे जातो, असे म्हणून वळवले होते.

त्याहून वाईट विचार मग आला. मी मेलो तर? मेलेल्या माणसाची जबानी उलटतपासणीत फिरवता येत नाही. अशा जबान्यांच्या नकला मी केल्या आहेत. मी मेलो की ते कागद तसेच राहणार, माझ्या नावावर विश्वास ठेवून सगळे मान डोलावणार, आणि मुद्दाम मोटार घातल्याचा खटला खुनाचा होणार. तोवर मला मरणाची भीती वाटत होती ती माझ्यासाठी. त्या दुपारपासून ती नरसय्यासाठी वाटू लागली, आणि ती जास्त जड होती.

मी पाटीवर लिहिले, 'जबानी खोटी. फौजदारांना बोलवा.' एवढे लिहायला दोनदा थांबावे लागले.

यमुनेने वाचले. मग पदराच्या टोकाने पाटी पुसून टाकली.

मी तिच्याकडे पाहिले. ती हळू आवाजात, पण रागाने बोलली. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. "आधी बरे व्हा. फौजदार इथे येणार, प्रश्न विचारणार, तुम्हाला आचके येणार. त्या माणसापायी तुमची ही दशा झाली. शब्द कुठलाही असो, धडक त्याचीच ना? मला तुम्ही हवे आहात. तो तुरुंगात गेला तर जाऊ दे."

मी पुन्हा लिहिले. तिने पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा मी तेच लिहिले नाही. लिहिले, 'हॉर्न ऐकला. मध्ये वळलो.'

ही पाटी तिने पुसली नाही. मांडीवर पालथी ठेवली. मग म्हणाली, "मीही तुमच्यापासून एक लपवलंय."

ती सांगू लागली. दूध आणायला जाताना चार दिवसांमागे तिने पाहिले. इस्पितळाच्या कोपऱ्यावर, वळणाच्या आधी, नरसय्या उभा होता. मोटार दिसली की रस्त्यात उतरून दोन्ही हात वर करायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, हॉर्न दाबू नको, आत धनुर्वाताचा पेशंट आहे. टांगेवाल्यांना सांगायचा, सायकलवाल्यांना सांगायचा. कोणी ऐकले, कोणी शिव्या दिल्या. सकाळच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत तो तिथेच होता. फिर्यादीला भेटायची त्याला मनाई, म्हणून आत आला नाही.

"मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही," यमुना म्हणाली. "मला वाटलं, खटल्यासाठी सोंग करतोय. तुमच्या सहवासात मीही तशीच झालेय."

मला हसू आले असावे. पण माझा चेहरा आधीपासूनच हसत असल्यामुळे तिला ते कळले नाही.

पहिले बोलणे

तिसऱ्या आठवड्यात आचके विरळ झाले. मग एक बोट तोंडात मावू लागले, मग दीड. डॉक्टरांनी खिडकीची घोंगडी अर्धी वर केली. मी पहिले वाक्य बोललो ते "फौजदार" एवढेच होते. व्यंकम्मा म्हणाली, "देवाचं नाव घ्यायचं सोडून पोलिसाचं घेतलं की ओ."

फौजदार आले. मी दातांतून सगळे सांगितले. 'पक्ककु', 'आता', हॉर्न, हँडल. त्यांनी लिहून घेतले नाही. पेन्सिल कानावर ठेवून ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्याची मला ओळख होती. मी दूधवाल्याकडे बघतो ते तसेच.

"कोणी दम भरला का तुम्हाला?" त्यांनी विचारले. "तो रोज इथे खाली उभा असायचा म्हणे."

"माझ्यासाठीच उभा असायचा," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी."

खरे सांगताना विश्वास बसत नाही म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. कचेरीतही हाच बोभाटा झाला. मोटारवाल्यांनी फितवला, असे एकजण म्हणाला. दुखण्याने डोके फिरले, असे दुसरा. बावीस वर्षे ज्यांच्या शेजारी बसलो ते.

खटल्याच्या दिवशी मी यमुनेच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. नरसय्या आरोपीच्या जागी होता, फार वाळलेला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोन्ही जबान्या पुढे ठेवल्या आणि विचारले, "यातली कोणती खरी मानायची? तेव्हा आठवत नव्हते, ते आता कसे आठवते?"

मी म्हणालो, "तेव्हाही आठवत होते, साहेब. आठवत नाही म्हणालो, कारण आठवते म्हटले असते तर चूक माझीही निघाली असती. हॉर्न ऐकला. ऐकून सायकल मुद्दाम मध्ये घातली. मुद्दाम काही झाले असेल तर ते एवढेच झाले."

खाली बसलेल्या माझ्या कचेरीतल्या सोबत्याची लेखणी थांबली. तो माझेच शब्द टिपत होता. मी त्याला म्हणालो, "लिहा, जसे बोललो तसे लिहा." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला दटावले.

व्यंकम्माची साक्ष झाली, शब्दाचा अर्थ नोंदला गेला. मुद्दामपणाचा आरोप टिकला नाही. ब्रेक तपासून घेतला नाही म्हणून नरसय्याला समज दिली. माझ्या खोट्या जबानीबद्दल मला जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही. इतकेच की तेव्हापासून माझी प्रत्येक नक्कल दुसरा कारकून मुळाशी ताडून पाहतो. मग सही होते.

बाहेर पडल्यावर मी नरसय्यापुढे हात जोडले. तो गोंधळला. "ऱ्हाऊ द्या जी," म्हणाला. "मला बी वाटलं व्हतं, तुमी मुद्दाम माज्यावर नवा शब्द रचला. रोज शिव्या देत व्हतो तुमास्नी, तितं उभा ऱ्हाऊन बी."

"मग उभा कशाला राहिलास?"

"माज्या मोटारीनं तुमी पडला. दुसऱ्याच्या हॉर्ननं मेला आसता तर माज्याच बोकांडी बसलं आसतं की."

हे उत्तर मला पटले. नुसत्या दयेने उभा राहिलो म्हणाला असता, तर मला पुन्हा संशय आला असता.

बाजू

मालकाने नरसय्याला पुन्हा मोटारीवर घेतले नाही. कोर्टात उभा राहिलेला ड्रायव्हर नको, असे म्हणाला. तो पुन्हा घरच्या मागावर बसला. ही गोष्ट डॉक्टरांच्या दुखण्यांच्या यादीत नाही, पण अजून दुखते ती हीच.

मी अजून पायीच कचेरीत जातो, सायकल मारण्याइतका पायात जोर नाही. मागच्या महिन्यातली सकाळ. तळ्याकाठच्या त्याच रस्त्याने चाललो होतो. पुढून नरसय्या सायकलवर येत होता. मागे सुताच्या लडींचा एवढा मोठा गठ्ठा बांधलेला की तो त्याच्या डोक्यावरून दिसत होता. रस्त्याच्या मधोमध चालला होता, कडेला खडी होती ना. त्याच्या मागून एक नवी मोटार आली. हॉर्न वाजला. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुन्हा वाजला. मान सुद्धा वळली नाही. ती ऐट मला चांगली ठाऊक होती.

मोटार थांबेना. मी हात वर केला, आणि माझा जबडा, जो डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दोन बोटांपेक्षा जास्त उघडू नये, तो सबंध उघडला.

"पक्ककु! नरसय्या, पक्ककु!"

तो एकदम कडेला गेला. गठ्ठा कलंडला, सायकल खडीत रुतली, पण मोटार त्याच्या कोपराजवळून निघून गेली. धूळ बसली. तो उतरून माझ्याकडे आला, कपाळाचा घाम पुसत. मी गाल धरून उभा होतो, कळा येत होत्या.

"मला मराठी येतंय की ओ," तो म्हणाला. "बाजू म्हनायचं सोडून तेलुगूत का वरडला?"

मी म्हणालो, "घाबरलो होतो."